स्टिअरिंगमधली ढील

प्रशिकची व्हॅन सरळ चालत नाही ही गोष्ट रोशनीला लग्नानंतर कळली. आधी कळली असती तरी तिने काही लग्न मोडलं नसतं, कारण पारशिवनीला तिच्या माहेरच्या गल्लीत सरळ चालणारी अशी गाडी कुणाकडेच नव्हती. ही व्हॅन कुठे धडकत मात्र नव्हती. मोकळा, गुळगुळीत रस्ता लागला की हळूच डावीकडे सरकायची. प्रशिकने स्टिअरिंग किंचित उजवीकडे घेतलं की ऐकल्यासारखं करायची आणि मग उजवीकडेच जात राहायची, इतकी की त्याला तिला पुन्हा डावीकडे आणावं लागे. मागे बसलेल्याला हे कळतही नसे. कळे ते ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला, आणि त्याने सांगितलं तर त्याच्या बायकोला.

मानेवाड्याहून धरमपेठेकडच्या शाळेत मुलांची ने-आण करता करता व्हॅनचा पिवळा रंग पातळ वरणासारखा झाला होता. आधी ती प्रशिकचे वडील चालवत. प्रेमानंदकाका म्हणजे त्या भागातल्या आयांचा भरवसा. ते आले की मुलाला दारात सोडून आई निर्धास्त आत वळायची. मग कधीतरी ते घरी येऊन सांगू लागले की गाडी साइड मारते. मिस्त्रीला दाखवली, टायर बदलले, काही निघालं नाही. ते सांगत राहिले, बाकीचे ऐकत राहिले, आणि एका सकाळी किल्ली खाचेत जाईना तेव्हा सगळ्यांनी पाहिलं की हलतात ते त्यांचे हात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. प्रशिकने सीताबर्डीवरची मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून किल्ली आपल्या खिशात घातली. हे आजारपण रोशनीच्या घरच्यांना मुलगी बघायला आले तेव्हाच सांगून झालं होतं. लपवाछपवी करणारी माणसं ती नव्हतीच.

म्हणून तर एके दिवशी जेवताना प्रशिक म्हणाला, "गाडी आजही साइड मारून राहिली होती," तेव्हा त्याच्या आईचा, सिंधूताईंचा, पोळी वाढायला निघालेला हात मधेच थांबला.

"टायरची हवा पाह्यली का?" त्यांनी विचारलं.

"पाह्यली."

"मंग रस्ताच खराब असन."

"रस्ता चांगला आहे आई. रस्त्याले काय झालं?"

सिंधूताईंनी पोळी वाढली आणि ती मोडणाऱ्या मुलाच्या बोटांकडे त्या पाहत राहिल्या. समोर प्रेमानंद चमच्याने वरणभात खात होते आणि चमचा ताटावर बारीक वाजत होता. रोशनीला या घरात येऊन अजून नव्या साड्यांच्या घड्याही मोडल्या नव्हत्या, पण कुठल्या गप्पपणात काय शिजतंय एवढं तिला कळू लागलं होतं.

संध्याकाळी गच्चीवर ती वाळलेले कपडे काढत असताना प्रशिक मागून आला आणि त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. नवरा हात पुढे करतो तो बायकोचा हात मागण्यासाठी, असा तिचा आतापर्यंत समज होता.

"पाह्य. हलतात का?"

तिने पाहिलं. सावळे, लांब बोटांचे, नखांत थोडं काळं असलेले हात. "नाही."

"नीट पाह्य ना वं."

तिने कपडे कठड्यावर ठेवले आणि नीट पाहिलं. हात हलत नव्हते. पण त्या हातांकडे पाहणारे त्याचे डोळे स्थिर नव्हते.

"बाबाचंही असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "आधी गाडी, मंग हात. डॉक्टरकडं नंबर लावला आहे मी, आईले नको सांगू. थे हो म्हटले तर त्या दिवसापासून मी पोरं नाही नेत. दुसऱ्याच्या लेकरांचा सवाल आहे."

"आणि गाडीतच काही निघालं तर?"

"बाबांच्या वेळी कुठं निघालं?"

तिने मनाशी ठरवून टाकलं की दोष गाडीतच निघायला हवा. तो तिथे असो वा नसो.

देवाजी मिस्त्रींचं गॅरेज महाल भागात एका बोळाच्या तोंडाशी होतं. दुपारची वेळ होती, घरी बाबांच्या झोपेची. रोशनी मुद्दाम सोबत गेली आणि एका निकामी टायरवर पदर सावरून बसली. देवाजींनी व्हॅन जॅकवर उचलली, लोंबकळणारी पुढची चाकं धरून गदागदा हलवली, खालचे सांधे हातोडीने ठोकून पाहिले, अलाइनमेंट पुन्हा करून घेतली. मग तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकून स्वतः गाडी घेऊन गेले आणि एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसरा खिडकीबाहेर सोडून परत आले.

"टनाटन आहे भाऊ. तीरासारखी जाते."

"माझ्या हातात नाही जात ना पण."

"तुमचं नवीन लग्न झालं," देवाजी खर्रा गालात सरकवत म्हणाले. "ध्यान रस्त्यावर कुठी राह्यते? वहिनी, तुम्ही सोबत नका बसत जाऊ गाडीत."

गॅरेजमधले सगळे हसले, प्रशिकही हसला, आणि घरी येताना त्याने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गाडी सरळ चालली होती. ते अधिकच वाईट होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती दोघं पारशिवनीला निघाली. देवाजींचा सल्ला मोडून रोशनी शेजारीच बसली आणि कन्हान मागे पडल्यावर रस्ता लांबलचक मोकळा झाला तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहायचं सोडून नवऱ्याच्या हातांकडे पाहायला सुरुवात केली. गाडी डावीकडे सरकली. प्रशिकने ती आणली. उजवीकडे सरकली, आणली. बराच वेळ पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की हात कधीच आधी हलत नाहीत. आधी गाडी जाते, मग हात तिच्या मागे जातात, दुडदुडणाऱ्या पोरामागे आई जाते तसे.

हे तिने त्याला सांगितलं. त्याचा चेहरा इतका उजळला की दुसरी गोष्ट तिने सांगितलीच नाही. दुसरी गोष्ट अशी, की गाडीच्या त्या सरकण्यात तिला एक तऱ्हा दिसली होती. ती उगीच भरकटत नव्हती. ती काहीतरी चुकवत होती. थोडं डावीकडून, मग जरा थांबून उजवीकडून, ओळखीच्या रस्त्यावरचे ओळखीचे खड्डे चुकवावेत तशी. आणि या रस्त्यावर खड्डा नव्हता.

येताना टोलनाक्यापुढे एक पांढरी गाय अचानक आडवी आली. गाडी प्रशिकने वळवायच्या आतच वळल्यासारखी झाली, गाय शेपूट हलवत निघून गेली आणि दोघांनीही मोठा श्वास सोडला. घरी पोचले तेव्हा प्रेमानंद ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"गायीले काही लागलं तर नाही ना गा?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," प्रशिक म्हणाला आणि चपला काढून आत गेला. त्याला वाटलं रोशनीने फोनवर सांगितलं असेल. रोशनीला क्षणभर वाटलं त्याने सांगितलं असेल. मग तिला आठवलं की त्याचा फोन सबंध वाट तिच्याच पर्समध्ये होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना तिला देवाजींची लोंबकळणारी चाकं आठवली. संध्याकाळी तिने प्रशिकला गाठलं.

"मिस्त्री गाडी उचलून पाह्यतात. चाकं हवेत. पण ती चालते तेव्हा सगळं वजन चाकांवर असते ना?"

"मंग?"

"खाट रिकामी असली तर कुठं करकरते?"

नव्या लग्नाच्या घरात खाटेचा दाखला देऊन आपण काय बोललो हे तिच्या उशिरा लक्षात आलं. प्रशिकचे कान लाल झाले. पण त्याला पटलं.

सुटीच्या सकाळी त्याने अंगणात जाड फळ्या एकावर एक रचून व्हॅनची पुढची चाकं त्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. अंगाखाली घ्यायला लग्नातला फ्लेक्स निघाला, चौकात लावलेला, दोघांचे हसरे फोटो आणि खाली साऱ्या काका-मावशांची नावं असलेला. प्रशिक स्वतःच्याच तोंडावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. रोशनीला त्याने वर ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

काम साधं होतं. ती स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवणार. तो खालून एकेका सांध्यावर बोटं ठेवून कुठे ढील आहे ते चाचपणार. तो थांब म्हणाला की ती थांबणार, तो पुढच्या सांध्यावर जाणार.

"हलव." ती हलवी. "थांब." ती थांबे.

"हलव. डोलव, वळवू नको. हं. थांब."

ऊन छान होतं. बायकोने वर बसावं, नवऱ्याने खाली पडावं आणि ती करते त्यातलं बारीकसारीक त्याने बोटांनी ओळखावं, हे तिला मनातून आवडूनही गेलं. लग्नापासून ती दोघं एवढी एकमेकांशी बोलली नव्हती.

"थांब."

ती थांबली.

"थांब म्हटलं ना वं."

"थांबलीच आहे."

"मंग हे काय हलून राहिलं?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवर निश्चल होते आणि त्यांच्याखाली स्टिअरिंगही निश्चल होतं. तिने मान वर केली. काचेतून समोरचा ओटा दिसत होता, ओट्यावर खुर्ची, खुर्चीत बाबा. गुडघ्यांवर ऊन आणि उन्हात त्यांचे हात. दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, मधे हातभर जागा. ते थरथरत होते असंच कुणीही म्हटलं असतं. थोडे डावीकडे. थोडे उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"आता?" त्या हातांवरची नजर न काढता तिने विचारलं.

"डावीकडं." खालून आवाज आला. "उजवीकडं. परत डावीकडं. तू मुद्दाम करून राहिली का?"

तिने स्टिअरिंग सोडलं आणि हात मांडीवर घेतले. "आता?"

"तेच! अन् थांब, थांब... रोशनी! सांधे नाही, नळी! ज्या नळीत दांडा सरकते ते नळीच सरकून राहिली. हिला धरणारं रबर पार गेलं, भुगा झाला पाह्य! जॅकवर कुठून दिसन हे, वजन नाही तर नळी जागच्या जागी!" तो हसत होता. गाडीखालून माणसाला इतकं मोकळं हसता येतं हे तिला माहीत नव्हतं. "हात नाही, रोशनी! रबर!"

ओट्यावर सिंधूताई चहा घेऊन आल्या. त्यांनी एका हाताने नवऱ्याचे दोन्ही हात धरून गुडघ्यांवर दाबून ठेवले आणि दुसऱ्या हाताने कप त्यांच्या ओठांना लावला.

"हं," प्रशिक खालून म्हणाला. "आता थांबली तू बरोब्बर."

रोशनीचे हात मांडीवरच होते.

तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे शब्द हवे होते, आणि जे शब्द होते ते सगळे वेड्यांच्या तोंडचे होते. शिवाय तो फ्लेक्सवरून उठला तेव्हा त्याच्या तोंडाला ग्रीस लागलं होतं आणि त्याने तसंच तिच्या गालाला गाल घासला होता, सासू-सासऱ्यांच्या देखत.

सोमवारी मुलांना शाळेत सोडून तो परस्पर महालात गेला. देवाजींनी आधी हात झटकले, मग फळ्या मागवल्या, मग स्वतः खाली सरकले आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "वहिनीले आणलं नाही का आज? त्यायले इथंच ठेवून जात जा भाऊ, मी चहा पाजत जाईन." जुन्या रबरांचा भुगा काढून, नळी सोडवून, नव्या रबरी बुश त्यांनी बसवायला घेतल्या.

त्याच सुमाराला इकडे घरी प्रेमानंदांचे हात गळून पडले.

रोशनी स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा ते खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. थरथर नव्हती, काहीच नव्हतं. सिंधूताई जमिनीवर बसून त्यांचा एक पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत होत्या.

"हात काहून असे टाकले जी? उचला ना. उचला म्हणते ना."

"उचलत नाही," प्रेमानंद म्हणाले. ते घाबरलेले नव्हते. दुकान उघडायची वाट पाहत पायरीवर बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. "राहू दे थोडा वेळ. कुठी जोडलेले नाहीत आत्ता."

सिंधूताईंनी डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. रोशनीने फोन उचलला आणि तिच्या नकळत तो लावला प्रशिकला.

"होऊनच राहिलं," तो ओरडून बोलला, मागे हातोडी वाजत होती. "शेवटचा नट कसून राहिले मिस्त्री. हं, झालं. झालं बघ! काहून फोन केला?"

तिने वळून पाहिलं. बाबांचे हात वर येऊन गुडघ्यांवर स्थिरावले होते. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले. मग सदऱ्याचं सुटलेलं बटन, जे रोज सिंधूताई लावून देत, ते त्यांनी स्वतः काजात घातलं. मग त्याच्या वरचंही घातलं. सिंधूताई जमिनीवरून उठल्याच नाहीत. पदर तोंडाला लावून त्या नुसत्या पाहत राहिल्या.

"काही नाही," रोशनी फोनवर म्हणाली. "या लवकर. जेवायला थांबलो आहोत."

त्या दिवसानंतर घर बदललं. व्हॅन सरळ चालू लागली, इतकी की आपण शिट्टी वाजवतो हे प्रशिकला एका लहान मुलीने तक्रार केल्यावर कळलं. डॉक्टरांकडे लावलेला नंबर त्याने रद्द केला नाही; तो बाबांच्या नावावर करून घेतला. डॉक्टरांनी प्रेमानंदांना रेघा ओढायला लावल्या, कागदाची घडी घालायला लावली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले की कधी कधी औषध उशिरा लागू पडतं. सिंधूताईंनी विहारात जाऊन खीर वाटली. प्रेमानंद सकाळी स्वतः दाढी करू लागले, आणि जेवताना ताटावर चमचा वाजेनासा झाल्यामुळे त्या घरातल्या माणसांना आपण काय बोलतो ते पहिल्यांदाच नीट ऐकू येऊ लागलं. रोशनीला कळलं की सिंधूताई भलत्याच विनोदी आहेत.

"पोरगा म्हणे गाडी बिघडली, बाप म्हणे गाडी बिघडली," त्या एकदा म्हणाल्या, "अन् आम्ही शहाणे दोघांचे हात पाह्यत बसलो. आता मी बिघडली म्हटलं तर आधी माह्यं ऐका बाप्पा!"

सगळे हसले. रोशनीही हसली, आणि त्या हसण्यात खोटं काही नव्हतं. जे तिने पाहिलं होतं ते गव्हातल्या खड्यासारखं बाजूला काढून ठेवणं तिला हळूहळू जमत होतं.

हिवाळा सुरू झाला तशी दुपारी ओट्यावर बसायची सगळ्यांना सवय लागली. त्या दिवशी सिंधूताई बाजारात गेल्या होत्या. रोशनी पायरीवर मेथी निवडत होती आणि खुर्चीत बाबा होते. शाळा सुटून थोडा वेळ झाला होता. म्हणजे प्रशिक भरलेली व्हॅन घेऊन मधे कुठेतरी, ऐन गर्दीत असणार. बाबांचे हात गुडघ्यांवरून जरासे उचललेले होते. या वेळी ते तसे असतातच, तिने पाहिलेलं होतं. थरथर आता औषधालाही उरली नव्हती. हात शांत होते, जाणते होते. मधूनच डावा खाली जाई, काहीतरी पुढे ढकलून पुन्हा वर येई. इतक्या वर्षांची सवय, जाते थोडीच, असं सिंधूताई म्हणत.

त्यांनी डोळे बारीक केले. मान जरा पुढे काढली. मग नेहमीच्याच आवाजात, शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगावं तसं, ते म्हणाले,

"जरा धर वं बेटा. चष्मा पुसून घेतो."

रोशनीने आधी मेथीकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग त्यांच्या हातांकडे. ते हात थांबले होते. तिने धरल्याशिवाय ते सोडणार नव्हते, आणि फार वेळ थांबणारही नव्हते. तिने उभ्या जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, ती उठली, खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या हातांच्या शेजारी, मोकळ्या हवेत, आपले दोन्ही हात नेऊन धरले.

बाबांनी सोडलं.

वजन होतं. वाटलं होतं त्याहून बरंच जास्त, आणि जिवंत. तिने श्वास धरला. शेजारी प्रेमानंदांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, तोंडाची वाफ देऊन दुसरी पुसली, उजेडात धरून पाहिली. त्यांना कसली घाई नव्हती. त्यांची बोटं एखाद्या तरुण माणसाच्या बोटांसारखी पक्की होती. झालं का, हे विचारायला ती त्यांच्याकडे वळणार, तोच ते म्हणाले,

"समोर पाह्य."